खुब्याचं हाड आणि आंबागडची शपथ

आंबागडला हिंडायला म्हणून फारसं कोणी जात नाही. डोंगरावर जुना किल्ला आहे, खाली गाव, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्यामागे जंगल. पाहण्यासारखं पुष्कळ आहे. पण मी ते पाहायला गेलो नव्हतो. मी भांडायला गेलो होतो.

ब्याऐंशी सालची दिवाळी. दर भाऊबीजेला माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, पाकीट येतं. आत चिमूटभर कुंकू आणि चार ओळी. त्या वर्षीही पाकीट आलं, पण अक्षर भाच्याचं होतं. 'माय अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. गावच्या वैद्याचा इलाज चालू आहे. काळजी नसावी.' पडून सहा आठवडे झाले होते. सहा आठवडे मला कोणी कळवलं नव्हतं. पत्र वाचून मी दुकानाची फळी इतक्या जोरात आपटली की शेजारचा दुकानदार बाहेर आला.

मी नाशिकचा. जुन्या तांब्यापितळेचा व्यापार करतो. फुटकी, चेपलेली, बूड गेलेली भांडी आम्ही विकत घेतो. धंद्यात त्यांना मोड म्हणतात. चौदाव्या वर्षी खांद्यावर पोतं टाकून दारोदार मोड गोळा करत सुरुवात केली, आज माझी स्वतःची भट्टी आहे. कोणी एका रुपयाला सांगितलेली वस्तू मी आजवर एका रुपयाला घेतलेली नाही. हे सगळं मी करू शकलो ते आक्कामुळे. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं. मग तिचं लग्न झालं, भाऊजींना जंगल खात्यात नोकरी लागली आणि ते तिला घेऊन थेट नाकाडोंगरीला गेले. तिकडेच राहिले. आंबागडला थोड्या बांध्या घेतल्या, घर बांधलं, आणि एक दिवस स्वतः देवाघरी निघून गेले. माझी बहीण मात्र महाराष्ट्राच्या त्या टोकाला राहिली ती राहिलीच. हा राग माझ्या मनात तीस वर्षं आहे. भाऊजी गेल्यावर तो त्यांच्या मुलाकडे, दिनकरकडे, वारशानं गेला.

त्यात भर पडली तीन वर्षांपूर्वी. तेव्हा मी पावसाळ्यात न कळवता आंबागडला गेलो होतो. घरी कोणी नव्हतं. शेजारीण म्हणाली, सगळे रोवण्याला गेले आहेत. धानाची रोपं उपटून चिखलात लावतात त्याला तिकडे रोवणा म्हणतात. मी बूट सांभाळत दोन बांध्यांमधल्या मातीच्या बांधावरून, म्हणजे त्यांच्या धुऱ्यावरून, चालत गेलो. समोर दहा-बारा बायका पोटरीभर चिखलात वाकलेल्या. त्यांतली एक माझी साठीची बहीण. मग रोपांची जुडी डोक्यावर घेऊन ती धुरा चढली आणि मला पाहून हसली.

मला काय झालं ते आज सांगता येत नाही. सगळ्या बायकांसमोर मी दिनकरवर ओरडलो. म्हणालो, "तुला तुझ्या मेलेल्या बापाची शपथ आहे. आजपासून आक्कानं बांधीत पाय ठेवला, डोक्यावर काडी घेतली, घरात घागर उचलली, तर याद राख." दिनकर चिखलात उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं मामाजी." नाशिकला परतल्यावर ही हकिकत मी अनेकांना सांगितली. माझा शब्द त्या घरात कसा चालतो, ते सांगताना मला बरं वाटायचं.

आंबागड

तुमसरहून निघालेली एसटी पुढे नाकाडोंगरीकडे जाते. तिकडे मॅंगनीजच्या खाणी आहेत. माझ्या शेजारी बसलेल्या मजुराच्या नखांत, कानांच्या पाळ्यांत काळी भुकटी होती. त्यानं विचारलं, "कोनाकडं जाऊन राहिले बाबूजी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, दिनकर भाऊची माय. मोठी सुखी बाई. पोरगा काडी उचलू देत नाई." कौतुक माझंच होतं, पण त्या दिवशी ते गोड लागलं नाही.

घरात शिरलो तेव्हा दिनकर दारातच होता. "मामाजी, आंग धुऊन घ्या पहिले," तो म्हणाला. तिकडे आंघोळीला आंग धुणं म्हणतात आणि पाहुण्याला चहाआधी तेच सुचवतात.

"आंघोळ राहू दे. आक्का कुठंय?"

ती आतल्या खोलीत होती. खोलीला खिडकी नव्हती. खाटेवर ती सरळ पडलेली, उजव्या पायाच्या दोन्ही बाजूंना धान भरलेल्या लांबट पिशव्या, पाय हलू नये म्हणून. खुब्यावर कसल्यातरी पाल्याचा वाळलेला लेप. पण मला घाबरवलं ते पायानं नाही, हातांनी. रोवण्यात मी पाहिलेले तिचे हात दोरखंडासारखे होते. आता मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं.

"बापू, आला रे तू? जेवला का?"

"तू पडलीस कशी?"

"कशी म्हंजे? खाटेवरून उठली, अंगनात दोन पावलं गेली, न् पाय मुडपला. दगड नाई, धोंडा नाई. उगाच पडली." तिची भाषा आता पुरती त्या मुलखाची झाली आहे. नाशिकची आक्का फक्त 'बापू' म्हणण्यात उरली आहे.

मी बाहेर येऊन दिनकरला धरलं. तीस वर्षं चिखलात राबवलंत, हाडं झिजवलीत, आणि मोडल्यावर झाडपाल्याच्या हवाली केलंत. बरंच काही बोललो. त्याची बायको पुष्पा चुलीपाशी उभी होती, तिचा हात उलथन्यावर थांबला. दिनकर एवढंच म्हणाला, "मामाजी, काहून ओरडून राहिले? माय आयकून राहिली ना."

तेवढ्यात वैद्यच आला. डोमाजी त्याचं नाव. सत्तरीचा, काटकुळा, हातात हाडजोडीच्या वेलीचे तुकडे. मी त्याला विचारलं की एक्स-रेचा फोटो न काढता हाड मोडल्याचं कसं कळलं. त्यानं बोटं दाखवली. "यानं कळलं."

"आणि बरं कधी होणार?"

"माझं काम झालं गा. दोन पुनवा होत आल्या. हाडानं हाड धरलं हाये. आता काम बाईचं. उभं कराव लागते तिले. पन या घरात तिले काम करू देत नाईत, मी तरी काय करू?"

मला वाटलं, अंगाला लावून घ्यायचं नाही म्हणून म्हातारा जबाबदारी ढकलतो आहे. दुसऱ्याच्या बोलण्यातली पळवाट हुडकणं हाच माझा धंदा. मी त्याला म्हणालो, "तुमचे उपकार झाले. उद्या मी तिला नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेतोय."

"नेऊन?" डोमाजीनं विचारलं.

"नेऊन झोपवीन. सहा महिने लागले तरी."

त्यानं दिनकरकडे पाहिलं, दिनकरनं जमिनीकडे. म्हातारा वेल ठेवून निघून गेला.

जेवायला नव्या तांदळाचा भात आणि वांग्यातले झिंगे होते, म्हणजे बोडीतल्या, शेततळ्यातल्या, बारीक कोळंब्या. आमच्याकडे भाकरी खाऊन झाली की चवीपुरता भात येतो; तिकडे भातच सुरुवात आणि भातच शेवट. एरवी मी त्या झिंग्यांवर तुटून पडलो असतो. आक्कासाठी पुष्पानं फक्त पेज नेली. "आत्याबाईले दात लावाचं काई देत नाई," ती अभिमानानं म्हणाली. "तरास नको."

आक्का मात्र नाशिकला यायला तयार नव्हती. मी समजावलं, रागावलो, शेवटी भाव पाडताना करतो तसं उठून जायचं नाटकही केलं. तिच्यावर चाललं नाही. मग मी म्हणालो, "तू नाही आलीस तर पुढच्या भाऊबीजेला पाकीट पाठवू नकोस." ती म्हणाली, "ने मग."

शहापूर

जीप तुमसरहून आणली. चालक रज्जाकभाई. मी त्याच्याशी घासाघीस केली ती इतकी की शेवटी तो म्हणाला, "बाबूजी, आप बैठो ही मत, मैं अकेला फोकट में ले जाता हूँ." मागच्या जागेत तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरलं, त्यावर गादी, गादीवर आक्का. दिनकर पायाशी बसला, धानाच्या पिशव्या दोन्ही हातांनी दाबून. मी पुढे.

गावात त्या दिवशी मंडई होती. दिवाळीनंतर तिकडे प्रत्येक गावाची मंडई भरते, लेकी-जावई, सोयरे सगळे गोळा होतात. आमची जीप उलट्या दिशेनं, येणाऱ्या बैलगाड्यांना वाट मागत निघाली. गाडीतल्या बायका वाकून आत पाहायच्या आणि गप्प व्हायच्या.

रस्त्याबद्दल काय लिहू? मला त्याचा प्रत्येक खड्डा आठवतो, कारण प्रत्येक खड्ड्याला मागून एक आवाज यायचा. ओरडणं नव्हे. दात आवळल्यावर नाकातून सुटतो तो श्वास. मी रज्जाकभाईला म्हणायचो, हळू. तो म्हणायचा, इससे हळू तो पैदल जाना. मोहाडी गेली. भंडारा आलं. तिथं पितळेच्या कारागिरांच्या गल्लीतून ठोके ऐकू येत होते. एरवी त्या ठोक्यांवरून मी पत्र्याची जाडी सांगतो आणि दोन तास तिथून हलत नाही. त्या दिवशी ते ठोके माझ्या डोक्यावर पडत होते. नागपूरहून नाशिकची गाडी गाठायची होती, बस.

भंडारा मागे टाकून हमरस्त्याला लागलो आणि शहापूरजवळ आक्का पहिल्यांदा ओरडली. मांडीचे स्नायू पिळवटून धरले होते. तिचा चेहरा राखेसारखा झाला, दिनकरच्या दंडात तिची नखं रुतली. तो हलला नाही. "रज्जाकभाई, रोका," तो म्हणाला. "मेश्राम डॉक्टरकडे घ्या."

मी म्हणालो, "नागपूरला थांबू."

दिनकरनं तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे डोळे वर करून पाहिलं. "नाई मामाजी. इथंच."

डॉक्टर मेश्राम मिलिटरीतून निवृत्त होऊन आपल्या गावी बसलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एक जाडजूड जुनं फोटोचं यंत्र. माझ्या नजरेनं ते लगेच टिपलं. "लिलावात घेतलेलं दिसतंय."

"तुम्हाला बरं कळलं," ते म्हणाले. "मलाही मोडीत निघालेल्या वस्तू आवडतात."

त्यांनी आक्काला सुई दिली, स्नायू सैल पडले. फोटो काढला. तो ओला असतानाच उजेडाकडे धरून ते बराच वेळ पाहत राहिले.

"हाड कोणी बसवलं?"

"गावच्या वैद्यानं," मी म्हणालो. "म्हणूनच तर..."

"त्याला माझा नमस्कार सांगा. त्यानं ओढाताण केली नाही, हे नशीब. खुब्याचं हाड तुटून बाजूला सरकलेलं नाही, एकात एक रुतून बसलंय. जुळतंय." मग त्यांनी बोट सरकवलं. "भीती याची नाही. हे बघा, बाकीचं हाड. जाळी पाहा किती विरळ झालीय. बाई, आधी काम काय करत होतात?"

"सगळंच जी," आक्का म्हणाली. "रोवना, कापनी, डोक्यावर भारे."

"आणि बंद कधी केलं?"

रस्त्यावरून ट्रक गेला, काचा थरथरल्या. दिनकर दाराच्या कडीकडे पाहत होता. त्याला बोलता आलं असतं. जीपमध्ये, घरात, मी त्याला जे जे बोललो होतो त्या सगळ्याचं उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. त्यानं तोंड उघडलं नाही.

"तीन वर्सं झाले," शेवटी आक्काच म्हणाली. "माझ्या भावानं पोराले शपथ घातली. तेव्हापासून खाटेवर हावो. सगळे लय जीव लावतात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कामानं हाडं झिजतात, हे कोणालाही कळतं."

"भांडं झिजतं. हाड म्हणजे भांडं नव्हे. बसा." मी बसलो नाही. ते बोलत राहिले. "हाड जिवंत असतं. त्यात दोन जातीच्या पेशी कामाला असतात. एक खाणाऱ्या. जुनं, बारीक तडे गेलेलं हाड त्या विरघळवतात, खड्डा करतात. दुसऱ्या बांधणाऱ्या. त्या मागून येऊन खड्डा भरतात. असं थोडं थोडं करत काही वर्षांत बरंचसं हाड बदलून निघतं. बाईंच्या अंगात लग्नाच्या वेळचं हाड आता फारसं उरलेलं नसेल."

"म्हणजे मोड देऊन नवं भांडं," मी म्हणालो. रागातसुद्धा ते माझ्या तोंडून निघून गेलं.

"अगदी. आणि पेशीच्या पोटातही हाच धंदा चालतो. आपले झिजलेले तुकडे ती एका पिशवीत कोंडते, विरघळवते, आणि त्याच मालातून नवं घडवते. वय झालं की ही साफसफाई मंदावते, आत कचरा साठतो, पेशी सुस्त होते. या साफसफाईचा आणि हाडाचा नेमका संबंध काय, ते अजून कोणाला पुरतं कळलेलं नाही. मी वाचलं तेवढं सांगतो. पण एवढं डोळ्यांनी पाहिलंय, की म्हातारपणी खाणारे तेवढेच खातात आणि बांधणारे मागे पडतात. बायकांत तर पाळी गेली की फारच."

हे मला समजलं, नको तितकं समजलं. जुनी पितळ वितळवली की त्यातलं थोडं जस्त दर वेळी धूर होऊन उडतं. वरून जस्त घातलं नाही, तर चार वेळा वितळवल्यावर जे हाती येतं ते पितळ राहत नाही. मी विचारलं, "मग वरून घालायचं काय?"

"खाणं आहे, ऊन आहे. झिंगे, तीळ, दूध. पण मुख्य म्हणजे भार. हाडावर वजन पडलं की बांधणाऱ्यांना कामावर बोलावणं जातं. पलटणीत वीस वर्षांच्या पोरांचे पाय प्लास्टरमधून काढलेत मी. काही आठवड्यांत काठीसारखे झालेले असायचे. खाटेवर पडलेल्या माणसाच्या अंगात खाणारे हजर आणि बांधणारे रजेवर. माझी आई लोकांच्या बांधीत जन्मभर रोवणा करत होती. तिला पाठीचं दुखणं होतं, हाल होते, ते काही चांगलं नव्हे. पण हाड मोडलं नाही."

"म्हणजे माझ्यामुळे मोडलं म्हणता?"

"असं मी म्हणणार नाही. वय आहे. पण तीन वर्षं बसवून ठेवल्याचा त्याला हातभार लागला. आता आणखी तीन महिने गाडीत, खाटेवर झोपवलंत, तर त्या पुन्हा उठतील याची खात्री मी देत नाही. या आठवड्यात उभ्या राहिल्या पाहिजेत."

"पंधरा दिवस द्या. नाशिकला पोचून मग."

"ही बाजारपेठ नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

मी तडक बाहेर आलो. हमरस्त्यावर धुळीत उभा राहिलो. टपरीवर चहा घेतला, तो गोड होता म्हणून टपरीवाल्याशी भांडलो, दुसरा घेतला. ट्रकांमागून ट्रक जात होते. मला डॉक्टरचा राग आला, डोमाजीचा आला, भाऊजींचा आला. एकेकावर राग ठेवून पाहिला, कुठंच टिकेना. कप परत देताना माझी बोटं चिकट झाली होती.

परत गेलो तेव्हा रज्जाकभाई बॉनेटला टेकून उभा होता. "नागपूर?" त्यानं विचारलं.

"आंबागड," मी म्हणालो. त्यानं परतीचं भाडं सांगितलं. मी घासाघीस केली नाही, ते पाहून तोच घाबरला.

पुन्हा आंबागड

खाट आधी अंगणात काढली. नंतर सुरू झालं ते भाव पाडण्याच्या माझ्या सगळ्या आयुष्यातलं उलटं काम. डोमाजीनं बांबूचा चौकटीसारखा आधार बांधून दिला. पहिल्या दिवशी आक्का नुसती उभी राहिली आणि थरथरत बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दोन पावलं."

"दहा."

"बापू, मरून जाईन ना रे."

"आठ."

"चार. त्याच्यावर एक नाई."

पाचावर सौदा पटला. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं आणि माझं तिच्याहून जास्त. पुष्पा दारात तोंडाला पदर लावून उभी. रोज सकाळी गिऱ्हाईक आणि दुकानदार अंगणात भांडायचे, आणि शेजारचे लोक दात घासत कुंपणापाशी येऊन ऐकायचे. पेज बंद झाली, ताटात झिंगे आले, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा आल्या. एका सकाळी खुबा असा दुखला की तिनं काठी माझ्या अंगावर फेकली. दोन दिवस ती उठली नाही. त्या दोन दिवसांत मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, "आन काठी."

दोन-तीन आठवड्यांत ती एका काठीवर फाटकापर्यंत आली. फाटकाबाहेर वाट, वाटेपलीकडे बांध्या. हलकं, लवकर येणारं धान कापून झालेलं, त्याच्या भाऱ्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचलेले. उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी चालू होती. आक्कानं फाटकाला हात घातला.

दिनकर आडवा आला. "इथपर्यंत, माय. भाईर नाई."

"अरे, मी सांगतोय ना," मी म्हणालो. "जाऊ दे तिला."

"तुमी सांगता मामाजी. पन शपथ सुटली नाई."

मला हसू आलं आणि लगेच ते विझलं. तो गंभीर होता. बापाच्या नावाची शपथ ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती उतरत नाही, आणि ज्यांच्यासमोर घातली त्यांच्यासमोरच म्हणावं लागतं, असं त्या घरात मानत होते. तीन वर्षं याच समजुतीवर त्यानं आईच्या हातची घागर काढून घेतली होती. गावात लोक म्हणायचे, शहाणा असता तर कधीच मोडली असती. त्यानं मोडली नव्हती.

"इथंच म्हणतो मी. घे."

"बांधीत घातली होती. रोवन्याच्या बायाईसमोर."

मी नाही म्हणालो. दहा-बारा बायकांसमोर, त्याच धुऱ्यावर उभं राहून मी चुकलो म्हणायचं? जन्मात कोणापुढं मी सांगितलेला शब्द खाली उतरवला नव्हता. मी खोलीत जाऊन बसलो. आक्का परत फिरली, अंगणातल्या खाटेवर आडवी झाली आणि पांघरूण ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी उठली नाही. मी म्हणालो, पंधरा पावलं. तिनं कूस बदलली. त्याच्याही दुसऱ्या दिवशी म्हणालो, पाच तरी.

"कायले?" ती म्हणाली. "अंगनातल्या अंगनात फिरून कोठी जाऊ मी?"

तिचं मनगट पांघरुणाबाहेर होतं. तीन आठवड्यांत ते जरा भरलं होतं. मला दिसलं की खाणारे पुन्हा कामाला लागले आहेत.

मी बूट घातले. "दिनकर, आईला घेऊन ये," म्हणालो आणि पुढं निघालो.

बांधीत त्याच बायका होत्या. मला धुऱ्यावर पाहून त्यांचे विळे थांबले. मागून आक्का येत होती, एका हाताला काठी, दुसऱ्याला पुष्पा. दिनकर माझ्यासमोर, खाली बांधीत, बरोबर तेव्हाच्या जागी जाऊन उभा राहिला. मी म्हणालो, "शपथ सुटली."

"आयकू नाई आलं जी," बांधीतून एक म्हातारी म्हणाली. "तेव्हा तं लय जोरानं बोल्ले होते."

"हो ना वं," दुसरी म्हणाली. "पार बोडीतले बगळे उडाले होते!"

बायका हसल्या. माझे कान तापले. रागाची सगळी वाक्यं नेहमीसारखी जिभेवर आली. मी दिनकरकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याच्या दंडावर, शहापूरच्या वाटेवर आक्काची नखं रुतली होती तिथं, चार बारीक खुणा अजून होत्या.

"शपथ सुटली!" मी ओरडलो. "मी घातली, मीच सोडली. चूक माझी होती. दिनकरची नाही."

बगळे उडाले की नाही ते मी पाहिलं नाही. दिनकरनं दोन्ही हात जोडले आणि पटकन पाठ फिरवून विळा शोधायला लागला.

आक्का पुष्पाचा हात सोडून धुरा उतरली. मी 'हळू' म्हणणार होतो, ते गिळलं. कापलेलं धान वाळायला कडपा करून पसरलेलं होतं. ती काठीवर रेलून वाकली. माझ्या घशाशी 'बस' आलं. तेही गिळलं. तिनं मूठभर धान उचललं, छातीशी धरलं आणि पावलागणिक काठी रोवत भाऱ्यापर्यंत नेऊन ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते त्या भाराच्या मानानं ओझं हलकंच होतं. ती पुन्हा वळली. दुसरी मूठ पहिलीपेक्षा मोठी होती.

मग धुऱ्याकडे पाहून तिनं हाक मारली, "बापू, वरून काय पाहून राहिला रे? तुले हाडं नाईत का? उतर खाली."

मी खाली बसलो आणि बूट काढले.